कोयनेचे चार तास

विजेच्या टंचाईचा विषय निघाला की आपण 'किती' हा प्रश्न विचारतो. किती मेगावॉट कमी पडतात, किती नवी केंद्रे हवीत, किती कोळसा लागेल. 'केव्हा' हा प्रश्न मात्र सहसा कोणी विचारत नाही. वास्तविक वीज हा माल असा आहे की तो ज्या क्षणी लागतो त्याच क्षणी तयार करावा लागतो. ज्वारीसारखी ती कणगीत भरून ठेवता येत नाही. मोठ्या बॅटऱ्या आता येऊ लागल्या आहेत हे खरे, पण साऱ्या राज्याची संध्याकाळ भागवण्याइतक्या नव्हेत. त्यामुळे पहाटे तीनचे युनिट आणि संध्याकाळी सातचे युनिट ही मीटरवर सारखीच दिसत असली तरी त्यांची किंमत सारखी नसते.

सातारा आणि सांगली या जिल्ह्यांपुढे हा 'केव्हा'चा प्रश्न गेली साठ वर्षे पाण्याच्या रूपाने उभा आहे. मोठ्या इमारतींना, दुकानांना, रुग्णालयांना, शीतगृहांना वीज केव्हा लागणार हे आधी ओळखून ती मागणी थोडी मागेपुढे सरकवणाऱ्या 'शिकणाऱ्या' संगणक आज्ञावल्यांची अलीकडे बरीच चर्चा असते. या चर्चेचा इतिहास बहुधा अमेरिकेतून सुरू होतो. आम्ही तो पाटण तालुक्यातून सुरू करणार आहोत.

कोयना महाबळेश्वरला उगम पावते, सह्याद्रीच्या कण्याला समांतर अशी दक्षिणेकडे वाहते, हेळवाकजवळ काटकोनात पूर्वेकडे वळते आणि कराडला प्रीतिसंगमावर कृष्णेला मिळते. हे वळण येते तिथून पश्चिमेला थोड्याच अंतरावर सह्याद्रीचा कडा संपतो आणि खाली कोकण लागते. नदी पूर्वेकडे शेकडो किलोमीटर संथ वाहत जाणार, आणि तिच्या पाठीमागे मात्र एक सरळ उतार. पाण्याला पाठीमागच्या बाजूने बोगद्यातून खाली सोडले तर त्याला सुमारे ४७५ मीटरचा धबधबा मिळतो. कोयना प्रकल्पाचे सारे गणित या एका भौगोलिक योगायोगावर उभे आहे. १९६२ मध्ये पोफळीच्या भूमिगत केंद्रातली पहिली जनित्रे फिरू लागली. दुसरा टप्पा त्याच दशकात झाला. तिसऱ्या टप्प्यात पोफळीहून बाहेर पडणारे पाणी कोळकेवाडीला अडवून आणखी सुमारे ११० मीटर खाली सोडण्यात आले. चौथ्या टप्प्यासाठी १३ मार्च १९९९ रोजी जलाशय न रिकामा करता तळाशी शेवटचा खडक फोडून बोगदा पाण्याला जोडला गेला. आज प्रकल्पाची एकूण क्षमता १९६० मेगावॉट आहे.

राज्य या केंद्रावर किती विसंबून होते ते ११ डिसेंबर १९६७ च्या पहाटे कळले. कोयनानगरच्या भूकंपाने पावणेदोनशेच्या आसपास माणसे दगावली, आणि त्याच धक्क्याने मुंबईचा वीजपुरवठा कोलमडून तिथले कारखाने थांबले.

१९६० मेगावॉट हा आकडा वाचून एखाद्याला वाटेल की हे केंद्र अहोरात्र चालत असेल. तसे ते चालत नाही आणि चालूही शकत नाही. कृष्णेच्या पाण्याची वाटणी महाराष्ट्र, कर्नाटक आणि आंध्र प्रदेश यांच्यात बच्छावत लवादाने केली, तेव्हा वीजनिर्मितीसाठी कोयनेतून पश्चिमेकडे किती पाणी वळवायचे त्यावर मर्यादा आली. ही मर्यादा वर्षाला ६७.५ अब्ज घनफूट आहे. वर्तमानपत्रांत ज्याला 'टीएमसी' म्हणतात तो हाच अब्ज घनफूट. एक टीएमसी म्हणजे सुमारे २ कोटी ८३ लाख घनमीटर.

हा हिशेब वर्गात करून पाहण्यासारखा आहे. एक घनमीटर पाणी, म्हणजे हजार किलोग्रॅम, ४७५ मीटर खाली आले की त्याची स्थितिज ऊर्जा सुमारे ४७ लाख ज्यूल होते. यंत्रांची कार्यक्षमता ९० टक्के धरली आणि एक युनिट म्हणजे ३६ लाख ज्यूल हे ध्यानात घेतले, तर उत्तर येते १.१६ युनिट. कोळकेवाडीला तेच पाणी पुन्हा राबते त्याची भर घातली की साधारण १.४३ युनिट. आता ६७.५ टीएमसी पाण्यापासून वर्षाला किती युनिटे मिळतील ते काढावे आणि सगळी यंत्रे पूर्ण क्षमतेने फिरली तर ती किती तास पुरतील ते पाहावे. आमच्या हिशेबाने वर्षाला सुमारे १४०० तास येतात. म्हणजे दिवसाला सरासरी चार तास!

संध्याकाळी सहा ते रात्री दहा हेही चारच तास. दिवे लागतात, चुली पेटतात, दुकाने उजळतात, रेल्वेगाड्या भरून धावतात. विजेची मागणी डोंगरासारखी वर चढते आणि दहानंतर उतरू लागते. कोळशाच्या केंद्राला थंड स्थितीतून चालू व्हायला कित्येक तास लागतात. जलविद्युत केंद्राची यंत्रे काही मिनिटांत भार उचलतात. म्हणून कोयना ही मुख्यतः संध्याकाळच्या शिखरासाठी राखून ठेवायची वीज आहे. अभियंत्यांच्या भाषेत हे 'शिखरभारा'चे केंद्र.

आता पाठीमागच्या उताराकडून पुढच्या बाजूला, पूर्वेकडे पाहू. शिवाजीसागरातले जे पाणी पश्चिमेला जात नाही ते धरणाच्या पायथ्याशी सोडले की कराडवरून कृष्णेत येते आणि सांगलीला पोहोचते. पण कडेगाव, खानापूर, आटपाडी, कवठेमहांकाळ, जत ही दुष्काळी तालुक्यांची माळराने नदीपेक्षा बरीच उंच आहेत. तिथे पाणी चढवावे लागते. टेंभू, ताकारी आणि म्हैसाळ या उपसा योजना त्यासाठीच झाल्या. शंभर मीटर उंचीवर एक घनमीटर पाणी चढवायला, पंपांची कार्यक्षमता ७० टक्के धरली तर, सुमारे ०.३९ युनिट लागते, आणि या योजनांत एकामागून एक टप्पे आहेत. थोडक्यात, कोयनेचे पाणी पश्चिमेला पडताना वीज देते आणि पूर्वेला चढताना वीज खाते. लवादाच्या कागदावर हे दोन वेगळे रकाने आहेत, पण दोन्हींच्या मागे धरण एकच. पाऊस भरपूर झाला की कोणाची तक्रार नसते. २०२३ सारख्या तुटीच्या वर्षी मात्र 'वीज की शेती' असा वाद पेटतो आणि सातारा व सांगली हे शेजारी एकमेकांकडे संशयाने पाहू लागतात.

संध्याकाळचे एक युनिट वाचवणे म्हणजे धरणात सुमारे सातशे लिटर पाणी राखणे. हा हिशेब तंतोतंत नाही हे लगेच सांगायला हवे. राज्याच्या जाळ्यात कोळसा, वारा, सूर्य, पाणी सारे मिसळलेले असते. सांगलीत दिवा विझवला म्हणून पोफळीची झडप तितकीच बंद होते असे नाही. पण शिखर जितके बुटके, तितके कोयनेचे चार तास अधिक दिवस पुरतात, एवढे निश्चित.

मग शिखर बुटके कसे करायचे? या प्रश्नाचा इतिहास विजेच्या धंद्याइतकाच जुना आहे. १८९२ साली इंग्लंडमधले अभियंते जॉन हॉपकिन्सन यांनी दाखवून दिले की वीज कंपनीचा खर्च दोन तऱ्हांचा असतो. एक खर्च प्रत्यक्ष जाळलेल्या कोळशाचा. दुसरा खर्च ग्राहक केव्हाही बटण दाबेल म्हणून सज्ज ठेवलेल्या यंत्रांचा. तेव्हा ग्राहकाने एकूण किती युनिटे वापरली एवढे पाहून भागणार नाही, त्याने एका वेळी जास्तीत जास्त किती मागितली तेही पाहायला हवे. ब्रायटनच्या आर्थर राईट यांनी असा सर्वोच्च आकडा नोंदवणारे मापक तयार केले. आजही एखाद्या कारखान्याचे, मोठ्या रुग्णालयाचे किंवा शीतगृहाचे बिल उघडून पाहावे. त्यात 'कमाल मागणी' हा रकाना असतो. महिनाभर काटकसर केली आणि एका दुपारी अर्धा तास सगळी यंत्रे एकदम चालली, तर तो अर्धा तास महिन्याच्या बिलावर बसतो. आमच्या मते विजेच्या बिलातला हा सर्वांत बोलका रकाना आहे, आणि सर्वांत कमी वाचला जाणाराही.

दुसरा मार्ग दांडगाईचा, म्हणजे पुरवठाच तोडायचा. 'भारनियमन' हा शब्द २००५ नंतरच्या काही वर्षांत लहान मुलांच्याही तोंडी बसला. ज्या भागात गळती जास्त आणि वसुली कमी, तिथे अंधार जास्त, अशी गटवारी असे. ग्रामीण भागांत दिवसाचे कित्येक तास वीज नसे आणि परीक्षेचा अभ्यास कंदिलावर होई. शिखर बुटके होत असे, यात शंका नाही. पण कोणाची गरज तातडीची आणि कोणाची तासभर थांबू शकेल, हे तारेला कळत नाही. दवाखान्यातला दिवा आणि जाहिरातीचा फलक दोन्ही ती सारखेच विझवते. निवड करायची तर ती इमारतीच्या आत व्हायला हवी.

इमारतीच्या आतल्या या निवडीची सुरुवात एका शाळेत झाली. अमेरिकेत विस्कॉन्सिन राज्यात व्हाइटवॉटर येथे शिक्षक घडवणारे विद्यालय होते. तिथे वॉरन जॉन्सन नावाचे शिक्षक शिकवत. हिवाळ्यात तळघरातल्या भट्टीने वर्ग गरम ठेवत. कोणता वर्ग गार पडला आणि कोणता तापला ते पाहण्यासाठी शिपाई दर थोड्या वेळाने वर्गात डोकावे आणि शिकवण्यात खंड पडे. जॉन्सन यांनी तापमान बदलले की तळघरात घंटा वाजेल असे विजेचे उपकरण बनवले आणि १८८३ मध्ये त्याचे पेटंट घेतले. खोलीच्या तापमानाचे नियंत्रण हा मोठा उद्योग त्यातून उभा राहिला. वर्गात येणारा व्यत्यय कोणत्या शिक्षकाला त्रास देत नाही? पण त्याचे पेटंट घेणारा विरळा.

अशी उपकरणे जे घडले त्याला उत्तर देतात. खोली तापली की यंत्र चालू, गार झाली की बंद. पुढे काय होणार ते त्यांना ठाऊक नसते. शिखर टाळायचे तर दुपारी बारालाच संध्याकाळचे सात दिसायला हवेत. इथे 'शिकणारी' आज्ञावली येते.

१९९१ साली अमेरिकेतल्या सिअ‍ॅटल येथील संशोधकांनी एका वीज कंपनीच्या मागणीचा अंदाज कृत्रिम चेतापेशींच्या जाळ्याने वर्तवून दाखवला. मागणी आणि तापमान यांचे सूत्र त्यांनी आधी लिहिले नव्हते. जुन्या नोंदी पुरवून ते जाळ्यालाच शोधू दिले होते. त्यानंतर दोन वर्षांनी, १९९३ मध्ये, वातानुकूलन अभियंत्यांच्या अमेरिकन संस्थेने एक गमतीची स्पर्धा घेतली. टेक्सासमधल्या एका विद्यापीठाच्या इमारतीची चार महिन्यांची तासातासाची आकडेवारी स्पर्धकांना दिली. त्यात तापमान, आर्द्रता, ऊन, वारा आणि इमारतीने वापरलेली वीज, गार पाणी व गरम पाणी यांच्या नोंदी होत्या. पुढच्या काळाचे फक्त हवामान दिले आणि वापर झाकून ठेवला. तो ओळखायचा. स्पर्धा जिंकली डेव्हिड मॅके या तरुण भौतिकशास्त्रज्ञाने.

मॅके यांची युक्ती शिक्षकांना चटकन कळेल. प्रश्नसंचाची उत्तरे पाठ करणारा मुलगा त्याच प्रश्नांत पैकीच्या पैकी गुण मिळवतो आणि प्रश्न जरा फिरवला की अडखळतो. चेताजाल हुबेहूब तसेच वागते. त्याला मोकळे सोडले तर ते दिलेल्या चार महिन्यांचे सगळे बारकावे, चुकासुद्धा, पाठ करून टाकते. मॅके यांनी संभाव्यताशास्त्राच्या आधारे असा बंदोबस्त केला की उत्तराशी ज्याचा संबंध नाही त्या माहितीचे वजन आपोआप घटत जावे. म्हणजे पाठांतराला लगाम आणि समजेला वाव. २०१९ मध्ये त्याच संस्थेने ही स्पर्धा पुन्हा घेतली तेव्हा एका इमारतीच्या जागी चौदाशेहून अधिक इमारती होत्या आणि नोंदींची संख्या दोन कोटींवर गेली होती. मधल्या काळात, २०१६ साली, गूगलने आपल्या संगणक-केंद्रांत अशी आज्ञावली वापरून थंडाव्यासाठी लागणारी ऊर्जा ४० टक्क्यांपर्यंत कमी झाल्याचे जाहीर केले.

आपल्याकडे २०२३ मध्ये टाटा पॉवर कंपनीने मुंबईत घरगुती आणि मोठे व्यापारी ग्राहक मिळून शिखराची मागणी ७५ मेगावॉटने खाली आणण्याचा कार्यक्रम जाहीर केला. कोणाची मागणी केव्हा किती असेल आणि कोण किती कमी करू शकेल, याचा अंदाज त्यात आज्ञावलीने करायचा होता. याच टाटांनी १९१५ मध्ये खोपोलीला सह्याद्रीचे पाणी खाली सोडून मुंबईच्या गिरण्यांना वीज दिली होती.

सांगलीत हे कुठे लागू पडेल? आमच्या डोळ्यांसमोर येतात ती बेदाण्याची शीतगृहे. सांगली, मिरज, तासगाव या टापूत द्राक्षांचा बेदाणा होतो आणि काळा पडू नये म्हणून वर्षभर थंडीत ठेवला जातो. समजा, एका शीतगृहात हजार टन बेदाणा आहे. एक किलो बेदाण्याचे तापमान एक अंशाने उतरवायला सुमारे २ किलोज्यूल उष्णता काढावी लागते. हजार टनांसाठी २० लाख किलोज्यूल, म्हणजे ५५५ युनिटांइतकी उष्णता. शीतयंत्र एक युनिट वीज घेऊन साधारण तीन युनिटे उष्णता बाहेर फेकते असे धरले, तर वीज लागली १८५ युनिटे. दुपारी सौर वीज मुबलक असताना माल एक अंश जास्त गार करून ठेवला, तर ५० किलोवॉटची यंत्रे संध्याकाळी जवळजवळ चार तास बंद ठेवता येतील. बेदाण्यात साठवलेली ही वीजच म्हणायची! आपल्या सातशे लिटरांच्या मापाने हे रोजचे सव्वा लाख लिटरांहून अधिक पाणी झाले.

कागदावर हे सोपे आहे. प्रत्यक्षात खोक्यांच्या थप्पीच्या पोटातला माल बाहेरच्या मालाइतक्या लवकर गार होत नाही. दार किती वेळा उघडले, सौद्याचा दिवस आहे की सुट्टीचा, नवा गरम माल किती आला, एप्रिलचे ऊन आहे की जुलैचा पाऊस, यावर सारे अवलंबून. प्रत्येक शीतगृहाच्या भिंती वेगळ्या, सवयी वेगळ्या. असे सूत्र पुस्तकात मिळत नाही. ते त्या त्या इमारतीच्या नोंदींतूनच शिकावे लागते, आणि शिकणाऱ्या आज्ञावलीचा खरा उपयोग इथे आहे. अर्थात पुष्कळ ठिकाणी पाचशे रुपयांचे घड्याळी बटणही बरेचसे काम भागवील. ज्याला साधे घड्याळ लावण्याची शिस्त नाही त्याच्या हाती चेताजाल देऊन उपयोग नाही, असे आम्हाला वाटते.

सांगलीजवळच्या हरिपूरला तर याहून जुनी तऱ्हा होती. तिथे जमिनीत खोल पेवे खणून त्यांत हळद वर्षानुवर्षे ठेवत. खोल जमिनीचे तापमान दिवसरात्र, उन्हाळा-हिवाळा फारसे बदलत नाही. विजेची मागणी शून्य, मग शिखर कुठले? २००५ च्या महापुरात यातली पुष्कळ पेवे निकामी झाली.

अंदाज बांधणाऱ्याची कधी कशी फजिती होते तेही सांगितले पाहिजे. ५ एप्रिल २०२० रोजी, टाळेबंदीत, रात्री नऊ वाजता देशभर नऊ मिनिटे घरातले दिवे मालवायचे ठरले. मागणी १२ ते १३ हजार मेगावॉटने घटेल असा अंदाज होता. प्रत्यक्षात ती सुमारे ३१ हजार मेगावॉटने घसरली. असा दिवस पूर्वी कधी आलाच नव्हता, तेव्हा जुन्या नोंदींतून तो शिकणार कोण? जाळे कोसळले नाही, कारण देशातल्या जलविद्युत केंद्रांनी काही मिनिटांत १७ हजार मेगावॉटहून अधिक निर्मिती उतरवली आणि दिवे पुन्हा लागताच वर चढवली. आज्ञावली कितीही शिकली तरी पोफळीसारख्या केंद्रांना रजा देता येणार नाही.

शिखराची जागाही आता हलते आहे. पूर्वी उद्योगांना रात्री दहानंतरची वीज स्वस्त मिळे. सौर वीज वाढली तशी दुपार स्वस्त होत चालली. राज्याच्या २०२५ च्या दररचनेत सकाळी ९ ते संध्याकाळी ५ या वेळेला सवलत आली. सूर्य मावळताना सौर वीज झपाट्याने कमी होते आणि नेमके तेव्हाच दिवे लागतात, त्यामुळे संध्याकाळची चढण पूर्वीपेक्षा उभी झाली आहे. कोयनेचे चार तास तेवढेच आहेत.

नववी-दहावीच्या मुलांना शाळेचा वीज मीटर दाखवावा. पंधरा दिवस, शाळा भरल्यापासून सुटेपर्यंत दर तासाला वाचन घ्यावे आणि शेजारी तापमान, वार व त्या तासाला चालू असलेले पंखे लिहावेत. पहिल्या दहा दिवसांचा आलेख काढून पुढच्या पाच दिवसांचा अंदाज आधी कागदावर लिहून बंद पाकिटात ठेवावा, आणि पंधराव्या दिवशी पाकीट उघडावे. एखाद्या दिवशी स्नेहसंमेलनाची तालीम निघाली आणि अंदाज साफ चुकला, तर तो दिवस खोडू नये.